पोटावरील मळमार्ग आणि त्याची दिनचर्या



पोटाच्या तक्रारी चारचौघांत बोलूं नयेत, हा आपल्याकडील संकेत जुना आहे आणि सामान्यतः तो योग्यही आहे. परंतु कांहीं माणसें अशीं असतात कीं, या संकेतामुळें त्यांना विचारावयाचें तें विचारतां येत नाहीं आणि जाणत्यांना सांगावयाचें तें सांगतां येत नाहीं. शस्त्रक्रियेनंतर ज्यांचा मळ नेहमींच्या मार्गानें न जातां पोटावर केलेल्या मुखावाटे बाहेर पडतो आणि तेथें लावलेल्या पिशवींत जमा होतो, अशा माणसांविषयीं मी आज बोलणार आहें. मी वैद्य नव्हे. किल्लारीचा एक सेवानिवृत्त शिक्षक आहें. परंतु अशी पिशवी मी स्वतः कित्येक वर्षें वागवीत आहें, आणि डॉक्टरांकडून व परिचारिकांकडून जें शिकलों तें इतरांच्या उपयोगीं पडावें एवढाच माझा हेतु आहे.

हा उपाय आजकालचा नव्हे. १७९३ सालीं फ्रान्समधील ब्रेस्ट शहरीं द्युरे नांवाच्या शस्त्रवैद्यानें, ज्याला जन्मतः गुदद्वार नव्हतें अशा तीन दिवसांच्या बालकाच्या पोटावर असें मुख केलें. तें मूल पुढें पंचेचाळीस वर्षें जगलें. बरीच वर्षें अशा रोग्यांना फडकीं आणि पट्टे यांवरच भागवावें लागे. १९५४ सालीं डेन्मार्कमधील एलिसे सोरेन्सेन या परिचारिकेनें आपल्या बहिणीची अडचण पाहून पोटाला चिकटून राहणाऱ्या पिशवीची कल्पना काढली. आज आतड्याचा कर्करोग, आतडें अडणें, अपघातांतील इजा किंवा जन्मजात दोष अशा कारणांनीं ही शस्त्रक्रिया केली जाते. कित्येकांचें मुख कांहीं महिन्यांनीं पुन्हां बंद करतां येतें. कित्येकांना तें जन्मभर ठेवावें लागतें.

आतां हें मुख कोणत्या आतड्याचें आहे, हें प्रत्येकानें प्रथम डॉक्टरांना विचारून पक्कें माहीत करून घ्यावें. मोठ्या आतड्याचें असेल तर त्यास कोलोस्टोमी म्हणतात. लहान आतड्याचें असेल तर इलिओस्टोमी. हा भेद नुसत्या नांवाचा नव्हे. लहान आतड्यांतून जें पुढें येतें तें पातळ असतें. त्यांतील सुमारें एक ते दीड लिटर पाणी मोठें आतडें रोज शोषून घेतें आणि मळाला आकार देतें. म्हणून मोठ्या आतड्याच्या डाव्या भागाचें मुख असेल, तर मळ बांधलेला येतो आणि त्याला वेळेची संवय लागूं शकते. लहान आतड्याचें मुख असेल, तर दिवसभर थोडथोडें पातळच येणार. पहिल्यास लागू असलेला नियम दुसऱ्यानें पाळला तर जिवावर बेतेल.

दोन्ही प्रकारांत एक गोष्ट मात्र समान आहे. गुदद्वाराभोंवतीं मळ रोखून धरणारा जो स्नायु असतो, तो या मुखाला नाहीं. म्हणून 'आतां नको, मग' असें त्याला सांगतां येत नाहीं. यांतूनच भीति उत्पन्न होते, आणि भीतींतून एक घातक उपाय निघतो. लग्नाला लातुरास जावयाचें आहे, एस.टी.त दोन तास बसावयाचें आहे, म्हणून माणूस आदल्या रात्रीपासून जेवतच नाहीं! 'पोटांत कांहीं नसलें म्हणजे पिशवींत कांहीं येणार नाहीं,' असा त्याचा हिशेब असतो. हा हिशेब चुकीचा आहे. आतडें उपाशीपोटीं झोंपत नाहीं. पाचक रस व पित्त स्रवतच राहतात, वायु वाढतो आणि पिशवी फुगते. लहान आतड्याचें मुख असणाऱ्यास तर पातळ स्राव होऊन अंगांतील पाणी व मीठ कमी होतें. अशी उपासमार वारंवार झाली म्हणजे माणूस खंगतो, आणि अखेर लग्न, कीर्तन, बाजार, सारेंच सोडून घरांत बसतो. शस्त्रक्रियेनें वांचविलेलें आयुष्य भीतीनें पुन्हां हिरावून घ्यावें, ही केवढी हानि!

खरा उपाय याच्या उलट आहे. शाळेची घंटा वेळेवर वाजली म्हणजे मुलें आपोआप वर्गांत येतात. आतड्याचेंही तसेंच आहे. अन्न जठरांत गेलें कीं मोठ्या आतड्याला चालना मिळते, आणि सकाळीं ही चालना विशेष जोरदार असते. म्हणून न्याहरी, दुपारचें जेवण व रात्रीचें जेवण यांच्या वेळा ठरवाव्या, आणि रात्रीचें जेवण बेताचें व लवकर घ्यावें. पंधरा दिवस वही ठेवावी: काय खाल्लें, केव्हां खाल्लें, पिशवी केव्हां रिकामी केली. आपलें आतडें कोणत्या वेळीं काम करतें हें त्या वहींतून स्पष्ट दिसेल, आणि प्रवासाची वेळ त्याप्रमाणें ठरवितां येईल.

कोलोस्टोमी असणाऱ्यांना मलावरोधही होतो. कमी पाणी, कमी हालचाल आणि वेदनाशामक गोळ्या हीं त्याचीं नेहमींचीं कारणें होत. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, फळें, भरपूर पाणी आणि रोजचें चालणें यांनीं बहुधा काम होतें. रेचक स्वतःच्या मनानें घेऊं नये.

ज्यांचें मुख मोठ्या आतड्याच्या डाव्या भागाचें आहे, त्यांच्यासाठीं आणखी एक पद्धत आहे. रोज अथवा एक दिवसाआड ठराविक वेळीं मुखावाटे कोमट पाणी आंत सोडून आतडें धुवावयाचें. पाणी सुमारें अर्धा ते एक लिटर असतें. बसल्यावर पाण्याचें भांडें खांद्याच्या उंचीवर टांगतात. सर्व क्रियेस पाऊण ते एक तास लागतो. संवय जमण्यास कित्येक आठवडे जातात. पण जमली म्हणजे पुष्कळांना पुढें चोवीस तास किंवा त्याहून अधिक काळ निर्धास्तपणें हिंडतां येतें. मात्र तीन अटी आहेत. एक, डॉक्टरांची संमति आणि प्रशिक्षित परिचारिकेजवळ शिकणें. दोन, मुखावर टेकविण्याचें मऊ शंकूच्या आकाराचें साधन वापरणें. एनिमाची नुसती नळी आंत सारल्यास आतड्याला भोंक पडण्याचा धोका असतो. तीन, जें पाणी पिण्यास योग्य नाहीं तें आंत सोडण्यासही योग्य नाहीं. २०१६ सालीं मिरजेहून रेल्वेनें लातुरास पाणी आणावें लागलें, हें आपण विसरलेलों नाहीं. टंचाईच्या दिवसांत टँकरचें पाणी उकळून, मग कोमट करूनच वापरावें. इलिओस्टोमी असणाऱ्यानें ही पद्धत मुळींच करूं नये.

इलिओस्टोमी असणाऱ्याची काळजी निराळी आहे. स्थिरस्थावर झाल्यावर दिवसाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर स्राव येतो. तो दीड लिटरच्या वर जाऊं लागला, तोंड कोरडें पडलें, लघवी कमी झाली, पायांत गोळे आले, तर दवाखाना गांठावा. अशा वेळीं नुसतें पाणी ढोसल्यानें स्राव वाढतो. मीठसाखरेचें पाणी घ्यावें. एक लिटर स्वच्छ पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हें प्रमाण आहे. उलटपक्षीं, चार-सहा तास कांहींच आलें नाहीं आणि पोटांत कळा येऊन उलटी झाली, तर आतडें अडलें असें समजून विलंब न लावतां रुग्णालयांत जावें. रेचक तर कदापि घेऊं नये. कांहीं गोळ्या न विरघळतां तशाच बाहेर पडतात. तसें दिसल्यास डॉक्टरांस कळवावें.

या माणसांना आपल्याकडील खाण्यांत कांहीं ठिकाणीं जपावें लागतें. हुरडा, मक्याचें कणीस, शेंगदाणे, ओलें खोबरें, संत्र्याची साल व शिरा हे पदार्थ नीट न चावल्यास मुखाशीं अडतात. येळवशीला शेतांत जाऊन सर्वांबरोबर बसावें. पण भज्जींतील हरभरे-वाटाणे मोजके घ्यावे आणि घास सावकाश चावावा. स्राव पातळ झाल्यास भात, केळें, साबुदाणा यांनीं तो दाट होतो. कांदा, लसूण, अंडें यांनीं वास वाढतो. पण म्हणून तीं कायमचीं वर्ज्य करण्याचें कारण नाहीं. बाहेर जाण्याच्या दिवशीं टाळलीं म्हणजे झालें.

पिशवी एक तृतीयांश भरली कीं रिकामी करावी. भरून ओढली गेली तर सुटते. कातडी साध्या पाण्यानें धुवून कोरडी करावी. तेल किंवा हळद लावल्यास पिशवी चिकटत नाहीं. पिशवीचें भोंक मुखापेक्षां दोन-तीन मिलिमीटरच मोठें कापावें, म्हणजे कातडी भाजल्यासारखी होत नाहीं. मुखाचा रंग ओठांच्या आंतील भागासारखा लाल असावा. तो काळा-निळा दिसल्यास त्याच दिवशीं डॉक्टर पाहावा. पिशव्यांचा सांठा उन्हाळ्यांत तापणाऱ्या पत्र्याच्या पेटींत ठेवूं नये. त्यांचा गोंद बिघडतो. आणखी एक गोष्ट किल्लारीच्या माणसास सांगावी लागत नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे अंगावरच्या वस्त्रांनिशीं जे बाहेर पडले, त्यांना घरांतून कांहींच आणतां आलें नाहीं. म्हणून पंधरा दिवसांच्या पिशव्या, कापड, कात्री आणि शस्त्रक्रियेचा कागद अशी एक थैली दाराजवळ सदैव टांगलेली असावी.

शेवटचें सांगणें घरच्या मंडळींस आहे. हा माणूस रोगट नव्हे, विटाळलेला तर नव्हेच. त्याला निराळें ताट, निराळी खोली नको. दार लागणारी मोरी आणि पाण्याची बादली हवी. सून, मुलगा, पत्नी यांपैकीं एकानें तरी पिशवी बदलण्यास शिकून घ्यावें. अनुभवी माणसाचा आधार किती मोठा असतो, हें अमेरिकेंतील क्लीव्हलँड येथील उदाहरणावरून दिसतें. तेथें १९५८ सालीं डॉ. टर्नबुल यांनीं नोर्मा गिल या बाईंना अशा रोग्यांस शिकविण्याच्या कामीं नेमिलें. त्या स्वतः इलिओस्टोमी झालेल्या होत्या. आपल्याकडेही मुंबईंत १९७५ सालापासून ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे, आणि अशा माणसांना अशाच माणसांची गांठ घालून देणें हें तिच्यासारख्या संस्थांचें मोठेंच काम आहे.

ज्या श्रोत्यांच्या घरीं किंवा शेजारीं असा कोणी असेल, त्यांनीं त्याला उद्यां जेवावयास बोलवावें, आणि तो नको म्हणाल्यास भूक नाहीं कीं भीति वाटते, एवढें हळूच विचारावें.