घोडा कुठल्या पायाने लंगडतोय?

घोडा लंगडतोय हे दिसतं; कुठल्या पायाने, ते मात्र भल्याभल्यांना चकवतं. कडक, सपाट जमिनीवर त्याला दुडक्या चालीने पळवा, दोर सैल सोडा आणि मान पाहा. पुढचा दुखरा पाय टेकताना डोकं वर जातं, धड पाय टेकताना खाली झुकतं. लोक नेमका झुकतानाचाच पाय धरून बसतात!

दुखणं बहुतेकदा खुरात असतं. माथेरानसारख्या दगडगोट्यांच्या वाटेवर तर आधी खूर उचलून माती खरवडावी, खडा शोधावा, दोन्ही खुरांची ऊब हाताने ताडून पाहावी. खिळा रुतलेला दिसला, तर शक्यतो उपटू नका. तो किती खोल गेलाय हे डॉक्टरांना एक्स-रेत दिसू द्या. धनुर्वाताच्या लशीचंही विचारा, घोड्याला तो चटकन जडतो.