माती वेगळी, गादी वेगळी

बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखलीच्या आसपास यात्रेतला कुस्त्यांचा फड पाहिलेल्या माणसाला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. मातीतला वाघ गादीवर वाघच राहील, याची खात्री नसते. मातीत पाय रुततो, कुस्ती लांबते, खरा दम तिथे कळतो. गादीवर पाय सुटा पडतो, गुण मोजले जातात, घड्याळ पळतं. म्हणून तर महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग असतात.

बॉक्सिंगचंही तसंच आहे. ऑलिंपिकचं हौशी बॉक्सिंग म्हणजे गादी: तीन फेऱ्या, झटपट ठोसे, गुणांचा हिशोब. व्यावसायिक बॉक्सिंग म्हणजे माती: मोठ्या लढतीत बारा-बारा फेऱ्या, आणि शेवटी उभा राहील तो खरा. गादीवर जगाला अस्मान दाखवलेले कितीतरी वीर या मातीत अडखळले. त्यांचे हे भन्नाट किस्से.

पहिलीच लढत, तीही थेट जगज्जेत्याशी!

अमेरिकेच्या पीट रॅडमाकरने १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये हेवीवेट सुवर्ण जिंकलं. पुढे लहानसहान जोडी खेळत वर चढायचं सोडून त्याने व्यावसायिक आयुष्यातली पहिलीच लढत लावली ती जगज्जेत्या फ्लॉइड पॅटरसनशी. पॅटरसनला त्यासाठी अडीच लाख डॉलरची हमी दिली गेली. २२ ऑगस्ट १९५७, सिएटल. दुसऱ्या फेरीत पॅटरसन चक्क खाली पडला! पण तो उठला, आणि सहाव्या फेरीत रॅडमाकरचा खेळ संपवला. पदार्पणातच हेवीवेटच्या जागतिक किताबासाठी लढणारा रॅडमाकर हा पहिला बॉक्सर.

पाच सोनेरी पोरं, चार जगज्जेते

१९७६, माँट्रियल. अमेरिकेच्या पाच बॉक्सरांनी सुवर्ण जिंकलं: शुगर रे लिओनार्ड, मायकेल स्पिंक्स, लिऑन स्पिंक्स, लिओ रँडॉल्फ आणि हॉवर्ड डेव्हिस. स्पर्धेतला सर्वोत्तम बॉक्सर म्हणून व्हॅल बार्कर करंडक मिळाला तो लिओनार्डला नाही, डेव्हिसला. स्पर्धा तोंडावर आलेली असताना त्याची आई गेली होती. ते दुःख उरात घेऊन तो लढला आणि जिंकला.

पुढे काय झालं? बाकीचे चौघेही व्यावसायिक जगज्जेते झाले. डेव्हिसने जागतिक किताबासाठी तीनदा झुंज दिली: १९८० मध्ये जिम वॉटशी, १९८४ मध्ये एडविन रोसारिओशी आणि १९८८ मध्ये बडी मॅकगर्टशी. तिन्ही वेळा हात रिकामाच राहिला. पाचांत अव्वल ठरलेला एकटाच किताबाविना राहिला. मला या यादीतला हाच माणूस सगळ्यात जवळचा वाटतो.

टायसनला दोनदा हरवणारा

माइक टायसन १९८४ च्या ऑलिंपिकला का गेला नाही, ठाऊक आहे? निवड लढतींमध्ये हेन्री टिलमनने त्याला एकदा नव्हे, दोनदा गुणांवर हरवलं म्हणून. टिलमन लॉस एंजेलिसला गेला आणि हेवीवेट सुवर्ण घेऊन आला. १६ जून १९९० ला लास वेगासमध्ये दोघे व्यावसायिक म्हणून पुन्हा समोरासमोर आले. या वेळी टायसनने पहिल्याच फेरीत टिलमनला आडवं केलं. माणसं तीच, आखाडा बदललेला.

त्याच ऑलिंपिकचा सुपर हेवीवेट विजेता टायरेल बिग्जही १९८७ मध्ये टायसनसमोर सातव्या फेरीत संपला. स्पर्धेचा सर्वोत्तम बॉक्सर ठरलेला पॉल गोन्झालेस कधीच जगज्जेता झाला नाही. आणि उपांत्य फेरीत बाद ठरवल्यामुळे कांस्यावर थांबलेला इव्हँडर होलिफील्ड? तो १९९० मध्ये हेवीवेटचा निर्विवाद जगज्जेता झाला.

दहा लाख पौंडांचं ओझं

ब्रिटनच्या ऑडली हॅरिसनने २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये सुपर हेवीवेट सुवर्ण जिंकलं. बीबीसीने त्याच्या लढती दाखवण्यासाठी दहा लाख पौंडांचा करार केला. एवढ्या मोठ्या रकमेबरोबर तेवढ्याच मोठ्या अपेक्षाही खांद्यावर आल्या. २००५ मध्ये डॅनी विल्यम्सने त्याला हरवलं आणि मग पराभवांची रांग लागली. २०१० मध्ये अखेर जागतिक किताबाची संधी आली, समोर डेव्हिड हे होता. तिसऱ्या फेरीत लढत थांबली, तोवर हॅरिसनचा जेमतेम एक ठोसा लागला होता.

आता गंमत पाहा. याच डेव्हिड हेला २००१ च्या हौशी जागतिक स्पर्धेच्या अंतिम लढतीत क्यूबाच्या ओडलानिअर सोलिसने हरवलं होतं. सोलिसने २००४ मध्ये अथेन्सला ऑलिंपिक सुवर्णही जिंकलं. पण २०११ मध्ये कोलोनला व्हिताली क्लिचकोविरुद्ध जागतिक किताबाची लढत आली आणि पहिल्याच फेरीत त्याचा गुडघा गेला. हौशी अंतिम लढतीत हरलेला डेव्हिड हे व्यावसायिक जगज्जेता झाला, आणि त्याला हरवणारा सोलिस कधीच नाही.

वरळीत जल्लोष, पणजीत धक्का

विजेंदर सिंगने २००८ च्या बीजिंगमध्ये कांस्य जिंकलं. ऑलिंपिक पदक मिळवणारा तो पहिला भारतीय बॉक्सर. २०१५ मध्ये तो व्यावसायिक झाला, तेव्हा वय तिशीला टेकलं होतं. मँचेस्टरला पदार्पण केलं आणि एकामागून एक जिंकत सुटला. ५ ऑगस्ट २०१७ ला मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये त्याने चीनच्या झुल्पिकार मैमैतिअलीला दहा फेऱ्यांत गुणांवर हरवलं. भारत-चीनमधला डोकलामचा तणाव तेव्हा शिगेला होता. जिंकलेला पट्टा शांततेसाठी परत द्यायची तयारी विजेंदरने रिंगणातच जाहीर केली. खेळाडूचं मन किती मोठं असू शकतं, ते त्या रात्री दिसलं.

त्याच रात्री, त्याच रिंगणात अखिल कुमारने व्यावसायिक पदार्पण केलं आणि जिंकलंही. बीजिंगमध्ये जगज्जेत्याला हरवून उपांत्यपूर्व फेरी गाठणारा अखिल तेव्हा ३६ वर्षांचा होता. बहुतेक बॉक्सर ज्या वयात हातमोजे खुंटीला टांगतात, त्या वयात त्याची सुरुवात होत होती.

विजेंदर ओळीने १२ लढती अजिंक्य राहिला. तेरावी लढत १९ मार्च २०२१ ला गोव्यात, पणजीला मांडवी नदीतल्या ‘मॅजेस्टिक प्राइड’ या कॅसिनो जहाजाच्या गच्चीवर झाली. कोरोनामुळे सव्वा वर्षाहून जास्त काळ तो लढलेला नव्हता. रशियाच्या आर्तिश लोप्सानने पाचव्या फेरीत त्याला थांबवलं. पुढच्या वर्षी रायपूरला तो पुन्हा जिंकला, पण जागतिक किताबाची लढत काही त्याच्या वाट्याला आली नाही. १३ विजय आणि एक पराभव, हा आकडा कुणालाही अभिमान वाटावा असाच आहे. चाहत्यांनी स्वप्न मात्र जगज्जेतेपदाचं पाहिलं होतं.

दोनच लढती आणि परत

आशियाई सुवर्णविजेता विकास कृष्ण २०१९ मध्ये अमेरिकेत व्यावसायिक म्हणून उतरला. दोन लढती, दोन विजय, दुसरा तर न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये. मग ऑलिंपिकच्या ओढीने तो हौशी रिंगणात परतला आणि टोकियोला पात्र ठरला. तिथे खांद्याच्या दुखापतीसह लढताना पहिल्याच लढतीत हरला. दोन्ही आखाड्यांचा मोह खरा असतो, शरीर मात्र एकच असतं.

नेमकं बदलतं तरी काय?

• हातमोजे. हौशी खेळात १० किंवा १२ औंसांचे. व्यावसायिक खेळात साधारण ६७ किलोपर्यंतच्या वजनगटांत अवघे ८ औंस, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास. मोज्यातली गादी पातळ झाली की ठोसा खोल जातो.

• पट्टी. हौशी बॉक्सर हाताला सुती पट्टी गुंडाळतो. ती अंगठ्यात अडकवायची, मनगटावर फेरे द्यायचे, मग बोटांच्या मुळांवरून आडवी न्यायची. व्यावसायिक लढतीआधी जाळीच्या पट्टीवर चिकटपट्टीचे थर चढतात. मूठ आवळली की ती लाकडासारखी टणक लागते.

• गुण. १९९२ ते २०१२ या ऑलिंपिकांत पंच कळ दाबून ठोसे मोजत. टोचून मागे सरणाऱ्याचं फावायचं. पोटावर, बरगडीवर हाणून समोरच्याला हळूहळू खिळखिळं करण्याची कला त्यात मागे पडली.

• दम. नऊ मिनिटांसाठी घडवलेलं शरीर ३६ मिनिटांची लढाई आपोआप लढत नाही.

• जोड. हौशी स्पर्धेत चिठ्ठी निघेल त्याच्याशी भिडायचं. व्यावसायिक खेळात जोड आयोजक ठरवतात. सोप्या जोडी फार झाल्या तर पैलवान कच्चा राहतो, अवघड जोड लवकर आली तर मोडतो.

आखाडाच न बदललेला महावीर

क्यूबाच्या तेओफिलो स्टीव्हन्सनने १९७२, १९७६ आणि १९८० अशी सलग तीन हेवीवेट सुवर्णं जिंकली. मुहम्मद अलीशी लढण्यासाठी लाखो डॉलर पुढे केले गेले, पण तो हौशीच राहिला. तेव्हा बंद असलेली व्यावसायिक बॉक्सिंगची दारं क्यूबाने २०२२ मध्ये उघडली.

पहिल्याच पावलाला ठेच, तरी जगज्जेता

क्यूबाचाच रोबेसी रामिरेझ २०१२ आणि २०१६ चा ऑलिंपिक विजेता. देश सोडून तो व्यावसायिक झाला आणि २०१९ मध्ये पहिलीच लढत हरला! सगळ्यांनी मान हलवली. त्याने मात्र नव्या खेळाची बाराखडी पहिल्यापासून गिरवली आणि एप्रिल २०२३ मध्ये जागतिक किताब जिंकला.

आपल्याकडचा धडा

नव्या आखाड्याची बाराखडी पहिल्यापासून गिरवावी लागते, हे आपल्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत फार आधी दाखवून दिलं होतं. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे हे मातीतले मल्ल १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकला गेले, तेव्हा गादी त्यांना नवी होती. तरी सहावा क्रमांक मिळवला. पुढची चार वर्षं त्यांनी अंग मोडून मेहनत केली आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्य आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहा. बुलढाण्याचा बॉक्सर अनंता चोपडे याने २०१९ मध्ये इंडोनेशियात प्रेसिडेंट्स कपचं सुवर्ण जिंकलं. त्याच्याकडे पाहून इथल्या एखाद्या पोराने हाताला पट्टी बांधली, तर त्याला या गोष्टी जरूर सांगा. डेव्हिस, टिलमन, विजेंदर यांच्यातलं कुणीच कच्चं नव्हतं. त्यांचा खेळ अस्सल होता, फक्त तो दुसऱ्या आखाड्यासाठी घडलेला होता. पोरगं उद्या आखाडा बदलायला निघालं, तर त्याला अडवू नका. नव्या मातीत आधी चार वर्षं अंग मळू द्या.