विश्लेषण : पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड वर्गात कधी उपयोगी पडतो?

परितेवाडी (ता. माढा, जि. सोलापूर) येथील जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये १० लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ पुरस्कार जाहीर झाला. पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याच्या त्यांच्या कामाची तेव्हा जगभर चर्चा झाली. पण कोड छापला म्हणजे वर्ग ‘डिजिटल’ झाला का?

प्रयोग नेमका काय होता?

डिसले यांनी धड्यांना कोड जोडले. कोड स्कॅन केला की कवितेचा ऑडिओ, धड्याचा व्हिडिओ, गोष्ट किंवा गृहपाठ उघडत असे. मुलांच्या दप्तरात आधीपासून असलेले पुस्तकच त्यासाठी पुरेसे होते. २०१७ मध्ये राज्य सरकारने पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणण्याचे जाहीर केले. २०१८ मध्ये ‘एनसीईआरटी’च्या पुस्तकांसाठीही तशी घोषणा झाली.

कोड काम कसा करतो?

तीन कोपऱ्यांतील चौकोनांमुळे कॅमेऱ्याला कोडची जागा आणि दिशा समजते. व्हिडिओ कोडमध्ये साठवलेला नसतो. तिथे असतो फक्त त्याचा पत्ता. कोडमध्ये चूक दुरुस्त करण्याचीही सोय असते. सर्वात वरच्या पातळीवर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी माहिती वाचता येते. त्यामुळे पानावर थोडी शाई सांडली तरी कोड बहुधा चालतो.

अडचण कुठे येते?

कोड सगळ्यांच्या पुस्तकात असतो, मोबाइल सगळ्यांकडे नसतो. घरात एकच फोन असेल, तर तो दिवसभर आई किंवा वडिलांसोबत कामावर जातो. ‘घरी स्कॅन करून बघा’ एवढेच सांगितले, तर अशी मुले मागे पडतात.

वर्गात वापर कसा करावा?

• ‘दीक्षा’ अ‍ॅपवरील साहित्य आदल्या दिवशी डाउनलोड करून ठेवा. मग वर्गात रेंज नसली तरी अडत नाही.
• व्हिडिओ सुरू करण्याआधी एक प्रश्न द्या. उदा. जलचक्र शिकवताना : ‘उन्हाळ्यात तळ्यातले पाणी जाते कुठे?’
• दोन-तीन मिनिटांनी व्हिडिओ थांबवा आणि मुलांना बोलते करा.
• शेवटी स्क्रीन बंद करून तीच आकृती वहीत काढायला सांगा.

आकृती चुकली, तर कुठे अडले ते शिक्षकाला लगेच दिसते. व्हिडिओ कितीदा पाहिला, यावरून ते कळत नाही.