अन्ननलिकेचा कर्करोग आणि वेळेवर टाकलेली दुर्बीण

कांहीं रोग असे आहेत कीं, ते येतांच आपली वर्दी देतात. ताप आला कीं अंग तापतें, हाड मोडलें कीं वेदना होतात, आणि रोगी आपण होऊन वैद्याकडे जातो. दुसरे कांहीं रोग मात्र चोरपावलांनीं घरांत शिरतात व पुरतें ठाण मांडल्यावरच घरधन्यास त्यांची जाणीव होते. अन्ननलिकेचा कर्करोग या दुसऱ्या जातीचा आहे. तो आरंभीं सांपडल्यास बरा होऊं शकतो. उशिरां सांपडल्यास निष्णात शस्त्रवैद्याचेही हात टेकतात. रोगाचा आरंभ आणि त्याचा शोध यांमधील हा काळ कमी कसा करावा, हा प्रश्न नगर जिल्ह्यासारख्या, म्हणजे २०२४ पासून अहिल्यानगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, विस्तीर्ण ग्रामीण जिल्ह्यास विशेष महत्त्वाचा आहे.

अन्ननलिका ही घशापासून जठरापर्यंत जाणारी स्नायूंची नळी होय. प्रौढ माणसांत तिची लांबी सुमारें २५ सेंटिमीटर, म्हणजे वीतभराहून किंचित् अधिक असते. ती ताणली जाणारी असल्यामुळें आंत लहानशी गांठ उठली तरी घास तिला बगल देऊन खालीं उतरतो. नळीचा बराचसा भाग व्यापला जाईपर्यंत रोग्यास अडथळा जाणवत नाहीं. उलटपक्षीं, या नळीस पोटांतील आंतड्यांप्रमाणें बाहेरचें चिवट आवरण नसतें, आणि रसवाहिन्यांचें जाळें तिच्या आंतल्या अस्तराच्या अगदीं निकट असतें. यामुळें रोग बाहेर पसरण्यास विलंब लागत नाहीं. उशिरां जाणवणें आणि लवकर पसरणें, या दोन गोष्टींच्या संयोगांतच त्याचें घातकपण सांठलें आहे.

यांत आणखी एका गोष्टीची भर पडते, ती माणसाच्या सोशिकपणाची. प्रथम ज्वारी-बाजरीच्या कोरड्या भाकरीचा घास छातीमागें थांबल्यासारखा वाटतो. माणूस वर पाण्याचा घोट घेतो व घास उतरतो. पुढें तो भाकरी कालवणांत कुसकरून खाऊं लागतो. त्यानंतर भाकरी सुटते व भात येतो. भात सुटतो व पेज येते. शेवटीं दुधावर दिवस निघतात. घरांतील माणसें म्हणतात, वय झालें, दांत गेले, पित्त वाढलें. अशा रीतीनें जेवण रोगाच्या सोयीनें बदलत जातें आणि रोग झांकला जातो. वास्तविक जेवणांतील हा बदल हीच रोगाची साक्ष होय. भाकरी कुसकरून खाण्याची पाळी ज्या महिन्यांत आली, त्याच महिन्यांत वैद्याकडे जावयास पाहिजे.

या रोगाचीं कारणें आतां बरींच उघड झालीं आहेत. तंबाखू हें त्यांत प्रमुख. ती विडींतून ओढली, चुन्याबरोबर मळून गालांत धरली, किंवा भाजून मिश्री म्हणून दांतांस लावली, तरी अपाय टळत नाहीं. संगमनेर व नगर येथें विड्या वळण्याचा धंदा पूर्वीपासून चालत आलेला आहे, आणि मिश्रीची संवय खेड्यांतील स्त्रियांतही आढळते. गुटख्यावर महाराष्ट्र सरकारनें २०१२ मध्यें बंदी घातली. परंतु सुपारीही स्वतः निर्दोष नाहीं. दारू व तंबाखू यांची जोडी जमली म्हणजे धोका केवळ बेरजेनें वाढत नाहीं, तो गुणाकारानें वाढतो. ६५ अंशांहून अधिक उष्ण चहा वगैरे पेयें पिणें हेंही बहुधा कर्करोगास कारण होतें, असें आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें २०१६ मध्यें जाहीर केलें. फळें व भाज्या यांची आहारांतील उणीवही या रोगास पोषक ठरते.

नळी आंतून डोळ्यांनीं पाहतां आली तर रोग वेळीं सांपडेल, हा विचार जुना आहे. १८६८ मध्यें कुस्माउल या जर्मन वैद्यानें तलवार गिळण्याचा खेळ करणाऱ्या एका माणसाच्या घशांतून सरळ, ताठ नळी आंत घातली. परंतु उजेड अपुरा पडला, आणि अशी नळी सामान्य माणसानें गिळावी तरी कशी! ही अडचण दूर होण्यास कांचेच्या केसासारख्या तंतूंचा शोध कारण झाला. पंजाबांत जन्मलेले नरिंदर सिंग कपानी व त्यांचे इंग्रज गुरु हॉपकिन्स यांनीं अशा तंतूंच्या जुडींतून चित्र वाहून नेतां येतें, हें १९५४ मध्यें दाखविलें. तीनच वर्षांनीं हिर्शोविट्झ या वैद्यानें अमेरिकेंत तंतूंची लवचिक नळी तयार केली आणि ती प्रथम स्वतः गिळून पाहिली. आजच्या नळीच्या टोंकाशीं सूक्ष्म कॅमेरा असतो व आंतील दृश्य पडद्यावर दिसतें. लोक या तपासणीस ‘दुर्बीण टाकणें’ असें म्हणतात.

दुर्बिणीची भीति मात्र अनाठायीं आहे. कांहीं तास उपाशी राहावें लागतें. घसा औषधाच्या फवाऱ्यानें बधिर करतात. रोग्यास कुशीवर निजवून नळी हळूहळू आंत सोडतात. ती श्वासनलिकेंत जात नसल्यामुळें श्वास चालूच राहतो. चिरफाड नाहीं, आणि बहुधा कांहीं मिनिटांत काम उरकतें. इजा होण्याचे प्रसंग अगदीं विरळा.

तथापि आरंभींचा रोग नुसत्या पाहण्यानेंही निसटूं शकतो, कारण तेव्हां तेथें गांठ नसते. असतो तो केवळ रंगाचा किंचित् फरक. येथें आयोडीन उपयोगीं पडतें. लुगोल या फ्रेंच वैद्याच्या नांवानें प्रसिद्ध असलेलें आयोडीनचें पाणी आंत फवारलें म्हणजे निरोगी अस्तर तपकिरी होतें, कारण त्याच्या पेशींत सांठविलेली शर्करा आयोडीनशीं संयोग पावते. बिघडलेल्या पेशींत ही सांठवण नसते. तो भाग फिकट पिवळा राहतो. शेतांत खत न पोंचलेला वाफा जसा दुरून ओळखूं येतो, तसाच हा. तेथील बारीक तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखालीं तपासतात. रोग वरच्या अस्तरापुरताच असल्यास दुर्बिणींतूनच तेवढा भाग कापून काढतां येतो. छाती उघडावी लागत नाहीं.

अशा तपासणीनें खरोखर जीव वाचतात काय, याची कसोटी चीन देशांत झाली. तेथील त्सशियान या परगण्यांत हा रोग फार. त्यांतील १४ खेड्यांतील ४० ते ६९ वर्षांच्या लोकांस आयोडीनसह एक वेळ दुर्बिणीची तपासणी देऊं केली. निम्म्याहून थोड्या कमीच लोकांनीं ती करून घेतली. तरीही दहा वर्षांच्या अवधींत या खेड्यांतील सर्व लोक धरून या रोगाच्या मृत्यूंचें प्रमाण शेंकडा ३.३५ राहिलें, तपासणी न दिलेल्या खेड्यांत तें शेंकडा ५.०५ होतें. हा निष्कर्ष २०१५ मध्यें प्रसिद्ध झाला.

मग हाच प्रयोग नगर जिल्ह्यांत कां करूं नये, असें कोणी विचारील. २०११ च्या जनगणनेंत या जिल्ह्याची वस्ती ४५ लाखांवर होती, आणि त्या चिनी परगण्याइतका हा रोग येथें बोकाळलेला नाहीं. सरसकट सर्वांस दुर्बीण घालूं गेल्यास हजारों निरोगी माणसें रांगेंत उभीं राहतील व ज्यास खरी गरज तो मागें राहील. म्हणून निवड हवी, आणि निवडीचा मार्ग शेजारच्या मुलुखानें दाखविला आहे. सोलापूर जिल्ह्यांतील बार्शी येथें १९८७ मध्यें भारतांतील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील सुमारें साडेतीनशें गांवें तिच्या कक्षेंत आलीं. नोंदणीचे कार्यकर्ते गांवोगांव जाऊन रोगाचीं लक्षणें समजावून देत व शंकित रोग्यास रुग्णालयांत जाण्यास सांगत. परिणाम असा झाला कीं, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रोगी पूर्वीपेक्षां लवकरच्या अवस्थेंत येऊं लागले. हें कार्य दुर्बिणीनें नव्हे, तर शब्दानें झालें.

नगर जिल्ह्यांतही अशा कार्याची परंपरा आहे. जामखेड येथें डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनीं १९७० मध्यें ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभारला. गांवांतल्याच, बहुधा निरक्षर स्त्रियांस शिकवून त्यांनीं आरोग्यसेविका तयार केल्या, आणि १९७९ मध्यें त्यांस मॅगसेसे पारितोषिक मिळालें. जी बाई गांवांतील प्रत्येक चूल ओळखते, तिला कोणाची भाकरी केव्हां सुटली हें मोठ्या डॉक्टरांच्या आधीं कळतें. सरकारच्या राष्ट्रीय कार्यक्रमांत तिशीवरील लोकांच्या तोंडाची, तसेंच स्त्रियांच्या स्तनाची व गर्भाशयमुखाची तपासणी आहे, अन्ननलिकेची नाहीं. परंतु तोंडाची तपासणी हाही एक दरवाजा होय. तोंडाचा वा घशाचा कर्करोग ज्यास झाला, त्याच्या अन्ननलिकेंतही तसाच विकार उद्भवण्याचा संभव इतरांहून अधिक असतो, कारण एकाच तंबाखूनें दोन्ही जागा भाजलेल्या असतात.

तेव्हां दुर्बीण कोणीं करून घ्यावी, याचें उत्तर स्पष्ट आहे. घास अडकतो, गिळतांना दुखतें, कारणावांचून वजन घटतें किंवा आवाज बसतो, अशांनीं एक दिवसही दवडूं नये. ज्यांस पूर्वीं तोंडाचा वा घशाचा कर्करोग झाला, ज्यांच्या पोटांत केव्हां तरी तेजाब वा दाहक क्षार गेला, किंवा ज्यांच्या अन्ननलिकेचें खालचें तोंड नीट उघडत नाहीं, अशांनीं त्रास नसतांही डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. अनेक वर्षें तंबाखू व दारू यांच्या आहारीं गेलेल्यांनींही तसेंच करावें. मात्र दुर्बीण निर्मळ निघाली म्हणून तंबाखूस परवाना मिळाला असें समजूं नये.

खर्चाची भीति पुष्कळांस अडविते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेंत कर्करोगावरील उपचारांचा समावेश आहे, हें गांवांतील शिकलेल्या मुलांनीं वडील माणसांस समजावून सांगावें. घरांतील एखादें माणूस आजवर खात आलेली भाकरी दूर सारूं लागलें, तर त्यास मऊ भात वाढून गप्प बसणें ही माया नव्हे. त्यास हाताला धरून रुग्णालयांत नेणें, हीच खरी माया होय.