जत्रेतला लाकडी रहाटपाळणा गेला कुठं?

देवणी म्हटलं की आठवतो तो काळा-पांढरा देवणी गोवंश. ही जनावरं बघायची तर नांदेड जिल्ह्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा गाठावी लागते. मार्गशीर्षात भरणाऱ्या या यात्रेत जनावरांच्या बाजारासारखीच गर्दी पाळण्यांपाशीही असते. आता हे पाळणे लोखंडी असतात, विजेवर फिरतात. पण त्यांचा पूर्वज लाकडाचा होता आणि माणसाच्या हातानं फिरायचा.

त्याचं नाव रहाटपाळणा. विहिरीचं पाणी वर काढणाऱ्या रहाटावरून हे नाव पडलं.

तो फिरायचा कसा?

दोन भक्कम खांब, त्यांच्यामध्ये आडवा आस, आसावर फुलीसारखी लाकडं आणि चार टोकांना चार पेट्या. पेट्या मोकळ्या टांगलेल्या असल्यानं चाक फिरलं तरी आतला माणूस सरळच राहायचा.

खरी गंमत तोलाची. समोरासमोरच्या पेट्यांत सारखं वजन असलं की चाक एका धक्क्यानं फिरतं. म्हणून पाळणेवाला एकीकडं पोरं बसवली की समोरच्या पेटीतही तेवढीच बसवायचा. इंजिन तोच आणि ब्रेकही तोच.

ही कल्पना किती जुनी?

१६२० मध्ये पीटर मंडी या इंग्रज प्रवाशानं आजच्या बल्गेरियातल्या प्लोवदिव्ह शहरात असा पाळणा पाहिला आणि त्याची नोंद केली. म्हणजे किमान ४०० वर्षं.

अमेरिकेत विल्यम सॉमर्सनं १८९२ मध्ये ५० फुटी लाकडी चाकं उभारली. त्यातल्या अटलांटिक सिटीच्या चाकात जॉर्ज फेरिस बसला होता. पुढच्याच वर्षी त्यानं शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात २६४ फुटांचं पोलादी चाक उभं केलं. ३६ डबे, प्रत्येकात ६० माणसं! सॉमर्सनं पेटंटचा दावा लावला, पण तो फेटाळला गेला. जगानं या चाकाला नाव दिलं ते फेरिसचं.

मग लाकूड मागं का पडलं?

लाकूड पावसात फुगतं, उन्हात आकसतं, सांधे ढिले होतात. उंची वाढली की हातानं फिरवणं अशक्य होतं. पोलादाला ही अडचण नाही. त्यात मोटर आली, मग एका फेरीत जास्त माणसं बसू लागली आणि धंदा परवडू लागला.

पण पोलाद म्हणजे अमरत्व नव्हे. फेरिसचं चाक अवघ्या १३ वर्षांत, १९०६ मध्ये, सुरुंग लावून पाडलं गेलं. लाकडी रहाटपाळणा त्यानंतरही कित्येक वर्षं गावोगावच्या जत्रांत फिरत राहिला.

आपण नेमकं काय गमावलं?

हातानं फिरवणाऱ्याला वरच्या पोराचं रडणं ऐकू यायचं आणि तो लगेच थांबायचा. सांधा करकरला तर त्याच्या तळव्याला कळायचं. मोटरला यातलं काहीच कळत नाही. ते काम आता तपासणी, नटबोल्ट आणि बटणाजवळच्या माणसाच्या लक्षावर आहे.

म्हणून पुढच्या यात्रेत पाळण्यात बसण्याआधी एक फेरी खाली उभं राहून बघा. पेटीची कडी नीट लागते का? वजन दोन्हीकडं सारखं बसवतात का? आणि बटणाजवळचा माणूस वर बघतोय की मोबाईलमध्ये?