तिथि आणि तर : माहुलच्या खाडीसंबंधीं एक टिपण

जुन्या पत्रांत खाडी उतरण्याचा प्रसंग आला कीं, पुष्कळदां तिथि दिलेली आढळते, घटिका आढळत नाहीं. उताराचा खोळंबा झाला एवढेंच लिहिलेलें असल्यास वाचक तो नावाड्याच्या आळसावर घालतो. आमच्या मतें कारण बहुधा त्या तिथींतच असतें, व तें काढण्याची रीतही सोपी आहे.

माहुल हें कोळ्यांचें जुनें गांव ट्रॉम्बेच्या किनाऱ्यास आहे. पश्चिमेस चिखलाचा विस्तीर्ण पट्टा व त्यापलीकडे शिवडी. दक्षिणेस दर्यांत घारापुरी. ओहोटीस हा चिखल उघडा पडतो. मग होडी कांठास लागत नाहीं, आणि माणसास पायींही जाववत नाहीं. म्हणून माणूस, धान्य, सरपण, जें कांहीं होडीनें न्यावयाचें तें भरतीच्या पाण्यावरच न्यावें लागे.

चंद्र रोज सुमारें दोन घटिका, म्हणजे 48 मिनिटें, उशिरां येतो. भरतीही तितकीच पुढें सरते. मुंबई बंदरांत अमावास्येस व पौर्णिमेस भरतीचा माथा दुपारीं व मध्यरात्रीं बारांच्या आगेंमागें येतो. त्यावरून दर्यावर्दी लोकांचा ठोकताळा असा कीं, तिथीची पाऊणपट करावी; जो अंक येईल तितक्या वाजतां भरती पुरी होते. चतुर्थीस 3, अष्टमीस 6, द्वादशीस 9. दोन्ही पक्षांस हिशेब एकच. त्यापासून सुमारें सहा तासांनीं ओहोटीचा तळ. शिवाय अमावास्या-पौर्णिमेस उधाण असतें व अष्टमीच्या सुमारास भांग. भांगेच्या दिवसांत पाणी थोडेंच चढतें. तेव्हां अष्टमीच्या दुपारीं भरलेली होडी अडली असें कोठें आढळल्यास नावाड्यास दोष देण्याचें कारण नाहीं.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत, श्लोक 404 ते 409 यांत, तराचे नियम आहेत. गाडीस एक पण, माणसाच्या ओझ्यास अर्धा पण. लांबच्या प्रवासास देशकालाप्रमाणें भाडें. परंतु हें नदीपुरतें. समुद्रास असा ठराविक नियम नाहीं, असें तेथेंच सांगितलें आहे. पुढें म्हटलें आहे कीं, नावाड्यांच्या अपराधानें जें नष्ट होईल तें त्यांनीं मिळून भरून द्यावें. दैवी आपत्तीस मात्र दंड नाहीं. कौटिल्य तर माणसें वा साहित्य अपुरें असलेली, किंवा दुरुस्त न केलेली नाव बुडाल्यास नुकसानीचा भार नावध्यक्षावरच टाकतो.

हा भेद महत्त्वाचा आहे, कारण आमचा ठोकताळा पाण्याचा आहे, वाऱ्याचा नव्हे. 17 जुलै 1947 रोजीं भाऊच्या धक्क्यावरून रेवसास निघालेली ‘रामदास’ आगबोट पावसाळी तुफानांत उलटली व सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. अमावास्येच्या हिशेबावरून ते दिवस उधाणाचे होते इतकें कळतें. माणसें कां बुडालीं हें कळत नाहीं. तेथें मनूचाच प्रश्न विचारावा लागतो : अपराध कीं दैव?

2018 सालीं घारापुरीस समुद्राखालून वीज पोंचली, आणि 12 जानेवारी 2024 रोजीं शिवडी ते न्हावाशेवा हा सागरी सेतु खुला झाला. तरी घारापुरीच्या रहिवाशांस जाण्यायेण्यास अद्यापि पाण्याचीच वाट आहे. म्हणून संग्राहकांस विनंती आहे कीं, खाडीकांठचीं पत्रें नोंदतांना तिथि गाळूं नये. पत्र लिहिणाऱ्यानें न सांगितलेली वेळ ती सांगते.