आजीचे वय आणि नातवंडांचे आयुष्य

घरात बाळ जन्मले की नाक कोणाचे, रंग कोणाचा, हे आपण पाहतो. आईचे किंवा आजीचे वयही पुढच्या पिढीला भोवते का? काही कीटकांत तरी याचे उत्तर 'हो' असे आहे.

आफ्रिकेतील त्सेत्से माशी माणसांत निद्रारोग आणि गुरांत नागाना पसरवते. ती ढीगभर अंडी घालत नाही. साधारण ९-१० दिवसांनी एकच अळी, तीही पोटात दुधासारख्या स्रावावर वाढवून, जन्माला घालते. अळी बाहेर काहीच खात नाही. जमिनीत शिरून कोष करते आणि सुमारे महिनाभर आईच्या शिदोरीवर जगते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अगदी तरुण आणि वयस्क माद्यांची पिले हलकी, मधल्या वयातल्यांची वजनदार निघाली. उपाशी माद्यांची पिले भूक कमी सोसू शकली.

ऑस्ट्रेलियातील निरीड कुळातल्या एका माशीवरचा अभ्यास २०१९ साली आला. आई आणि आजी उतारवयात व्यालेल्या असतील, तर नातवंडांचे आयुष्य घटले. बापाच्या बाजूनेही तसेच दिसले. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत, खाते नवे, पण आरंभीची शिल्लक मागच्या पिढ्यांची!

माणसाला हे नियम जसेच्या तसे लावू नयेत. पण त्सेत्सेची पैदास इतकी संथ, की तिच्या एकेका पिलाचे जगणे हिशेबात धरावे लागते. म्हणून माद्या किती, एवढेच मोजून भागत नाही. त्या किती वयाच्या, हेही पाहावे लागते.